पिवळी चिठ्ठी

मंगळवार, २१ जानेवारी

ही डायरी अंत्यविधीवाल्यांनी दिली. शवपेटी घेतली की डायरी फुकट. प्रत्येक पानाच्या तळाशी छापलंय, 'आज मला कशाने दिलासा मिळाला?' आणि खाली दोन ओळी रिकाम्या. ऑर्लिन म्हणाला असता, "फुकट आहे ना? मग घे की." घेतली.

माझ्या नवऱ्याला, ऑर्लिनला, जाऊन आज बारा दिवस झाले. फ्रिजमध्ये अजून कीमा-बटाट्याची नऊ भांडी पडून आहेत. आमच्या चर्चच्या बायकांना कुठेही दुःख दिसलं की त्या त्यावर बटाटे रचून ओव्हनमध्ये घालतात. प्रत्येक भांड्याच्या बुडाला नावाची पट्टी चिकटवलेली आहे, म्हणजे माणूस गेला तरी भांडं परत आलं पाहिजे.

आज मला कशाने दिलासा मिळाला? लवॉनच्या भांड्याला तडा गेलाय.

रविवार, २६ जानेवारी

आज चर्चमध्ये आजाऱ्यांची यादी वाचली. एकेक नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी म्हणायचं, 'प्रभू, आमची प्रार्थना ऐक.' चौथं नाव आलं, ऑर्लिन थोरसन. मी दचकले. पण सत्तर माणसांनी मान खाली घालून ऑर्लिनला आराम पडावा म्हणून प्रार्थना केली. त्यातल्या पासष्टांनी त्याच्या अंत्यविधीला हॅम सँडविच खाल्लं होतं.

उपासनेनंतर लवॉनला गाठलं. लवॉन चर्चची सचिव आहे, एकतीस वर्षं. ती आणि मी पहिलीपासून एका वर्गात.

"लवॉन, यादीत ऑर्लिनचं नाव आहे."

"हो, आहे."

"अगं, तो गेला."

"ठाऊक आहे. हॅम मीच नाही का कापलं?"

"मग काढ की नाव!"

"ज्याने घातलं त्यानेच काढायचं. पांढरी चिठ्ठी घालायला, पिवळी काढायला. तू ऑक्टोबरात पांढरी दिलीस, आता पिवळी दे. मी मनाने काढायला लागले तर उद्या कोणीही कोणालाही बरं करेल."

तिने पिवळी चिठ्ठी हातात दिली. तिच्यावर छापलेलं, कारण : बरे झाले / गाव सोडले / देवाघरी गेले. एकावरच खूण करा. मी ती पर्समध्ये टाकली.

घरी येताना विचार केला आणि डोकं तापलं. ऑक्टोबरात मी 'ऑर्लिन बरा व्हावा' म्हणून विनंती केली. रीतसर, पांढऱ्या चिठ्ठीवर. तिला उत्तर आलेलं नाही. मग मी का मागे घेऊ? वाचू देत दर रविवारी. ज्याने ऐकलं नाही त्याला ऐकू दे.

देव नाही असं मी म्हणत नाही. नसता तर इतका राग कोणाचा आला असता? पण कधीकधी भांडी घासताना वाटतं, आपण आयुष्यभर रिकाम्या खोलीशी बोलत होतो. आणि मग हात थांबतात. आज सगळ्यांनी 'ऐक' म्हटलं तेव्हा मी नुसते ओठ हलवले. तो येऊन समजावून सांगेपर्यंत मी त्याच्याशी बोलणार नाही.

आज मला कशाने दिलासा मिळाला? लवॉन बर्फावर घसरली. लागलं नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आमच्या चर्चचे जुने पाळक निवृत्त होऊन ॲरिझोनाला गेले. नवा मिळेपर्यंत बदली म्हणून एक म्हातारे गृहस्थ आलेत, पाळक हेगडाल. उंच, वाकलेले, एका कानात यंत्र. ते यंत्र मधूनच शिटी मारतं आणि आपल्याला वाटतं चहाची किटली उकळली.

आज सकाळी दारात उभे. हातात प्रभुभोजनाची छोटी पेटी, आजाऱ्याला घरी येऊन आशीर्वादाची भाकर द्यायला. "आर्डिसबाई, यादीत ऑर्लिनचं नाव वाचलं. म्हटलं भेटून यावं."

मी उघडं तोंड मिटलं, परत उघडलं आणि म्हटलं, "ऑर्लिन गेला."

यंत्राने शिटी मारली. "कुठे गेला?"

आता काय सांगायचं? माणूस थंडीत उभा, बुटांवर गुडघ्यापर्यंत बर्फ, चेहऱ्यावर इतका चांगुलपणा. नव्या माणसाला तोंडावर 'तुम्ही चुकलात' म्हणायचं ही आमच्याकडची रीत नाही. आणि तो शब्द काही माझ्या तोंडातून येईना. 'गेला' इथपर्यंत येते मी. पुढे नाही.

"तळ्यावर," म्हटलं. "मासे धरायला."

"या थंडीत? एवढे आजारी असून?"

"हट्टी आहे," म्हटलं. हे मात्र खरं होतं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

शेजारचा वर्लिन आला. टोपी काढून स्वयंपाकघरात उभा राहिला, म्हणजे काहीतरी घडलंय.

"आर्डिस, नवे पाळक काल तळ्यावर आले होते. ऑर्लिनला शोधत."

मी खुर्चीत बसले.

"प्रत्येक खोपटाचं दार वाजवलं त्यांनी. सव्वीस खोपटी! पहिल्याने सांगितलं, पुढच्यात बघा. पुढच्याने सांगितलं, त्याच्या पुढच्यात."

"आणि तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, आत्ताच इथून गेला."

"वर्लिन!"

"मग काय करू? परका माणूस, वयाने मोठा. तोंडावर खोटं कसं पाडायचं? आणि एका महिन्याला आत्ताच म्हणता येतं की."

ऑर्लिनचं मासे धरायचं खोपटं अजून गोठलेल्या तळ्यावर उभं आहे. हिरवं, आत शेगडी, बर्फातून गळ सोडायला फळीला भोक. डिसेंबरात तो पलंगावर पडून फोनवर हुकूम सोडत होता आणि वर्लिन ट्रॅक्टरने ते ओढत होता. 'डावीकडे घे, डावीकडे! तिथे मासे नाहीत, तिथे नुसते बाप्टिस्ट चर्चवाले बसतात!' नव्या वर्षाला मी आत बसलेला असेन, म्हणाला होता. एकदाही बसला नाही.

आज मला कशाने दिलासा मिळाला? नाही मिळाला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पाळक परत आले. मी अंड्याची कॉफी केली. चर्चच्या तळघरात चाळीस वर्षं मीच करते, अंडं टरफलासकट कुस्करून कॉफीच्या पुडीत. त्यांनी तीन कप घेतले.

"ऑर्लिन पडलाय," मी म्हटलं. खोटं नाही. पडलेलाच आहे तो.

"हो, हो. पडू द्या," ते म्हणाले. "येताना भेटूनच आलो मी त्यांना. छान जागा आहे. वर पाइनची झाडं, शांत."

माझ्या हातून कॉफी बशीत सांडली. मग लक्षात आलं, हे नक्की धान्याच्या कोठारामागच्या ऑरिन स्लेटनला भेटून आले. त्याचं घर पाइनच्या टेकडीखाली आहे, आणि त्यालाही ऐकू येत नाही. दोघांनी तासभर एकमेकांकडे बघून मान हलवली असेल. मी त्यांचा कप पुन्हा भरला.

निघताना त्यांनी पेटी उघडून प्रभुभोजनाच्या भाकरीची चकती काढली. एकच. विसराळू माणूस! ऑर्लिनच्या वतीने मला राग आला.

"आणि ऑर्लिनची?"

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग दुसरी काढून दिली.

"आम्ही नंतर एकत्र घेऊ," म्हटलं. पण देवाशी अबोला धरून त्याच्याच ताटातलं खायचं कसं? आणि आशीर्वाद दिलेली भाकर टाकवत नाही. शेवटी दोन्ही चकत्या ऑर्लिनच्या मासे धरायच्या गळांच्या डबीत ठेवल्या. ती डबी घट्ट बंद होते.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

पाळक. तीन कप. आणखी दोन चकत्या.

आज विचारलं, "ऑर्लिन तरुणपणी कसे होते हो?" मी सांगितलं की त्याने मला लग्नाचं विचारलं ते मासा हातात धरून. एका हातात मासा, दुसऱ्या हातात अंगठी, आणि घाबरून त्याने अंगठी पाण्यात सोडली न् मासा मला दिला. मी हो म्हटलं, कारण मासा मोठा होता. पाळक इतके हसले की यंत्र कानातून बशीत पडलं. मग मी आणखी सांगत बसले. अकराला आलेले पाळक दीड वाजता गेले.

गंमत म्हणजे, आतल्या खोलीत डोकावून बघतो असं ते एकदाही म्हणत नाहीत. या माणसाला कुतूहल म्हणून नाही.

आज मला कशाने दिलासा मिळाला? कॉफी बरी झाली होती.

रविवार, २३ फेब्रुवारी

आज यादी वाचताना पाळक म्हणाले, "ऑर्लिन थोरसन, आणि त्यांच्या घरच्यांसाठी."

घरच्यांसाठी? घरात मी एकटी. मी कुठे चिठ्ठी दिली होती? आमच्याकडे स्वतःसाठी कोणी प्रार्थना मागत नाही. पाय तुटला तरी 'माझ्यापेक्षा वाईट अवस्थेत लोक आहेत' म्हणायचं असतं. मी लालबुंद झाले. माझ्याहून लाल लवॉन. उपासना संपताच तिने पाळकांना कोटाच्या खुंट्यांजवळ गाठलं.

"पाळकसाहेब, चिठ्ठीशिवाय तीन शब्द जास्त वाचलेत तुम्ही."

"चुकलो," पाळक म्हणाले. "चिठ्ठी कोण देऊ शकतं?"

"कोणीही. पण सहीनिशी."

बुधवार, ५ मार्च

राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस. पाळकांनी कपाळावर राखेचा क्रूस काढला आणि मी माती आहे याची आठवण करून दिली. म्हटलं, ठाऊक आहे. त्यांचा हात थरथरतो, अर्धी राख नाकावर आली. ती तशीच घेऊन मी बाजारात गेले, आणि अर्थातच कोणी काही बोललं नाही. गल्ल्यावरची पोरगी एवढंच म्हणाली, "छान दिसताय."

चर्चमधल्या रात्रीच्या सूपआधी सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले. वाट पाहिली. आत काहीच नव्हतं. रागसुद्धा नव्हता, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. राग होता तोवर समोर कोणीतरी होतं. पंचावन्न वर्षं मी रोज प्रार्थना केली, आणि आज मला 'हे देवा'च्या पुढचं सुचेना. ऑर्लिन गेला तो गेलाच, जाताना हेही घेऊन गेला की काय?

आज मला कशाने दिलासा मिळाला? या छापणाऱ्याला एकदा भेटायचं आहे.

गुरुवार, १३ मार्च

वर्लिन सांगून गेला. सोमवारच्या आत सगळी खोपटी बर्फावरून हलवली पाहिजेत, सरकारी नियम आहे. "शनिवारी ओढून आणतो. आतलं सामान तेवढं तू काढ. मी हात लावणार नाही, त्याची मांडामांड त्यालाच ठाऊक."

म्हणजे मला आत जावं लागणार.

शनिवार, १५ मार्च

सगळं लिहून काढते, नाहीतर उद्या मीच खरं मानणार नाही.

सकाळी दहाला तळ्यावर गेले. हातात पिशवी आणि गळांची डबी. ती का घेतली ते सांगता येत नाही. तळ्यावर जाताना ती नेहमी बरोबर असायची, म्हणून असेल. लांबून हिरवं खोपटं दिसलं आणि मी जागच्या जागी उभी राहिले.

धुराड्यातून धूर येत होता.

मला आता लाज वाटते, पण लिहिते. मी धावले. बहात्तर वर्षांची बाई बर्फावर धावले. तेवढ्या वेळात मी देवाला सगळं माफ करून टाकलं. म्हटलं, चल, झालं गेलं विसरले, बटाट्याची भांडी मी परत करीन, लोकांना काय सांगायचं तेही मी बघून घेईन. आणि दार उघडलं.

ऑर्लिनच्या उलट्या बादलीवर पाळक हेगडाल बसले होते. हातात ऑर्लिनची काठी, दोरी भोकात सोडलेली. दोरीला गळच नव्हता.

"या," ते म्हणाले. "बसा."

मी दुसऱ्या बादलीवर बसले. "तुम्ही इथे काय करताय?"

"दर शनिवारी येतो. आधी टेकडीवर ऑर्लिनकडे, मग इथे. वर्लिन शेगडी पेटवून देतो."

टेकडीवर. पाइनची झाडं, शांत जागा. माझ्या डोक्यात एकेक दिवा लागला आणि प्रत्येक दिव्यात मी आणखी मूर्ख दिसत होते. टेकडीवर आमची दफनभूमी आहे.

"कधीपासून ठाऊक आहे?"

"पहिल्यापासून. नव्या गावात गेलो की मी आधी दफनभूमीत चक्कर मारतो. तुमच्याकडे आलो तेव्हा तिकडूनच येत होतो."

"मग सव्वीस दारं कशाला वाजवलीत?"

"तुम्ही म्हणालात तळ्यावर गेलाय. म्हटलं, बाई जिथे सांगते तिथे जाऊन बघावं."

"आणि बोलला का नाहीत? सहा आठवडे माझी कॉफी प्यायलात!"

"लवॉनबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, इथे कोणाची चूक तोंडावर दाखवायची नाही." ते दोरीकडे बघत राहिले. "आणि ते वाक्य तुमचं होतं. मी कसं म्हणणार?"

शेगडी तडतडली. मी हळूच म्हटलं, "ऑर्लिन मेला."

यंत्राने शिटी मारली. "काय?"

"ऑर्लिन मेला."

"जरा मोठ्याने बोला, या कानाने—"

"मेला!" मी ओरडले. "माझा नवरा मेला! मी मागितलं, रीतसर मागितलं, आणि तरी मेला!"

फळ्यांच्या भिंती त्या, अख्ख्या तळ्यावर आवाज गेला असणार. शेजारच्या खोपटात कोणीतरी भांडं खाली ठेवलं. मग वर्लिनचा आवाज आला, अगदी हळुवार, "आम्हाला ठाऊक आहे गं, आर्डिस."

त्याच्या पलीकडून आणखी कोणीतरी म्हणालं, "ठाऊक आहे." आणि त्याच्याही पलीकडून. सरकत सरकत ते पार बाप्टिस्टांपर्यंत गेलं.

मग मी रडले. अंत्यविधीत रडले नव्हते, सँडविच कमी पडतील या काळजीत होते. पाळकांनी रुमाल दिला, त्याला माशाचा वास येत होता.

"मला प्रार्थना येत नाही," म्हटलं. "तोंड उघडते आणि आत कोणी नसतं."

"मलाही यायची नाही. माझी बायको, इंगा, गेली तेव्हा. तीन वर्षं."

"पण तुम्ही पाळक!"

"हो ना, फार पंचाईत." त्यांनी दोरी वर ओढली, बघितली, परत सोडली. "दर रविवारी उभा राहायचो आणि समोरचे लोक म्हणायचे, प्रभू, आमची प्रार्थना ऐक. आमची म्हणायचे. त्यात मीही आलोच की. तीन वर्षं मी त्यांच्यावर निभावलं. मग एक दिवस यायला लागली."

"आणि आली नसती तर?"

"तर अजून निभावत असतो."

दोरी पाण्यातच सोडून ते डबीकडे वळले. "त्यात काय आहे?" मी थांबवायच्या आत त्यांनी डबी उघडली. गळ, शिशाचे गोळे, आणि प्रभुभोजनाच्या दहा चकत्या. त्यांनी एक उचलली, तिला अडकलेला गळ अलगद सोडवला आणि चकती माझ्या तळहातावर ठेवली.

मी खाल्ली. जरा शिशाची चव होती. पाचपाच वाटून घेतल्या, कारण टाकायच्या नसतात, आणि थर्मासमध्ये कॉफी होती.

सोमवार, १७ मार्च

लवॉनच्या टेबलावर पिवळी चिठ्ठी ठेवली.

"मागे हे काय लिहिलंय? अंडी, साय, साबण?"

"बाजाराची यादी करायला कागद नव्हता. पुढची बाजू बघ."

कारण लिहिताना अर्धा तास गेला होता. 'गाव सोडले' तर साफ खोटं. 'बरे झाले' वर खूण करावीशी फार वाटली, पण लवॉनने दाखला मागितला असता. शेवटी 'देवाघरी गेले'. ते खरं आहे असं शपथेवर सांगता येणार नाही मला. पण खूण करताना हात थांबला नाही.

लवॉनने शिक्का मारला. नेहमी धाडकन मारते, आज हळू मारला. मग मी दुसरी चिठ्ठी काढली, पांढरी.

कोणासाठी : आर्डिस थोरसन. विनंती करणार : आर्डिस थोरसन.

लवॉनने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "एकतीस वर्षांत कोणी स्वतःसाठी दिली नाही."

"नियम आहे का तसा?"

तिने खरंच खणातून नियमांची वही काढून पाहिली. "नाही," म्हणाली. "आजाराचा रकाना रिकामा आहे."

"प्रार्थना येत नाही, असं लिही."

ती माझ्याकडे बघत राहिली. पहिलीत माझी शिसपेन्सिल मोडली तेव्हा असंच बघितलं होतं, आणि मग आपली अर्धी मोडून दिली होती. तिने काहीतरी लिहिलं आणि कागद उलटा ठेवला.

"तुझ्या भांड्याला तडा गेलाय," मी म्हटलं.

"पंधरा वर्षांपूर्वीच गेलाय," म्हणाली.

रविवार, २३ मार्च

चौथं नाव आलं. पाळकांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "आर्डिस थोरसन. घशासाठी."

घशासाठी! त्या लवॉनने 'घसा' लिहिलं होतं.

हसू येत होतं, आणि तेवढ्यात सत्तर माणसं म्हणाली, 'प्रभू, आमची प्रार्थना ऐक.' पंचावन्न वर्षं मी ते म्हटलंय, पण या बाजूने कधी ऐकलं नव्हतं. वर्लिननेही म्हटलं, आणि ऑरिन स्लेटनने ऐकू न येता अंदाजाने. सगळ्यांत मोठा आवाज पुढच्या बाकावरून, लवॉनचा, आणि तो मध्येच फाटला.

सगळं शांत झालं. पाळक पाचवं नाव घेणार, इतक्यात चर्चमध्ये कोणीतरी एकटंच, उशिरा, घोगऱ्या आवाजात म्हणालं, "प्रभू, आमची प्रार्थना ऐक."

कोण आहे म्हणून मी मागे वळून पाहिलं. मग कळलं, मीच.

लवॉन वळली. नाक लाल, रुमाल हातात. कुजबुजली, "घसा सुटला वाटतं. उद्या पिवळी घेऊन ये."

"इतक्यात नाही," मी म्हटलं. "राहू दे थोडे दिवस."

आज मला कशाने दिलासा मिळाला? लवॉनने. तिला सांगायचं नाही.